बारा खोल्या आणि तपकिरी वायर

आधी माफी मागतो. आठवणी लिहायच्या त्या काहीतरी करून दाखवलेल्या माणसांनी, असं मला वाटत आलंय. मी अजून शिकतोय. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं बरोबर की चूक हे घरी दाखवून घ्यायचीही सोय नाही. शिवाय ज्या कामाबद्दल लिहिणार आहे ते सगळं माझं नाही. त्यातलं किती माझं आणि किती दुसऱ्याचं, हे एकदा नीट लिहून काढावं म्हणून बसलोय. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ताथवड्याच्या एका कॉलेजात आर्किटेक्चर शिकतो. चौथ्या वर्षानंतर सहा महिने बाहेर कुठेतरी प्रत्यक्ष काम करावं लागतं. तसं पत्र आणलं नाही, तर पुढच्या सत्राला बसू देत नाहीत. वर्गातल्या बहुतेकांची सोय घरबसल्या झाली. कुणाचे काका आर्किटेक्ट, कुणाच्या वडिलांचे मित्र बिल्डर. माझे वडील ट्रेलरवर ड्रायव्हर आहेत. चाकणहून नव्या गाड्या भरून निघतात ते दहा-बारा दिवसांनी परत येतात. आई चाकणलाच वायरिंग हार्नेसच्या कंपनीत कंत्राटी कामाला आहे. हार्नेस म्हणजे गाडीच्या आत सगळीकडे फिरवलेला वायरींचा जुडगा. तो जुडगा ती आठ वर्षं बांधतेय. आम्ही मूळचे लातूरकडचे. इथे आमच्या ओळखीत ज्याचं स्वतःचं ऑफिस आहे असा एकही माणूस नाही.

मी सापडेल त्या ऑफिसला मेल पाठवत होतो. उत्तर एकाचंच आलं, आणि तेही आर्किटेक्टचं नव्हतं. भोसरीत बिल्डर लोकांसाठी इमारतींची छोटी मॉडेल बनवणारं वर्कशॉप होतं. वाकडला कुठल्याही साइट ऑफिसात गेलात तर काचेखाली टॉवर ठेवलेला दिसतो, खिडक्याखिडक्यांतून पिवळा उजेड येत असतो, तसली मॉडेल. मालक फोनवर म्हणाले, "मार्कशीट मला नको. एक बिल्डिंग बनवून आण. कुठलीही. आत लाइट पाहिजे, स्वस्तात बसवलेली पाहिजे, आणि आत माणसं राहतात असं वाटलं पाहिजे. जागा एकच आहे. तीन आठवड्यांनी ये." कॉलेजची पत्र द्यायची मुदत त्यानंतर आठच दिवसांनी संपत होती. म्हणजे माझ्याकडे हेच एक दार होतं.

बिल्डिंग कुठली करायची याचा मी फार विचार केला नाही. आम्ही राहतो तीच केली. तीन मजले, मजल्यावर चार खोल्या, समोरून सलग गॅलरी, बाजूला लोखंडी जिना. बाराही खोल्यांत कंपन्यांत जाणारी माणसं. एकास पन्नास या प्रमाणात एक खोली माझ्या मुठीएवढी होत होती. सनबोर्डच्या, म्हणजे आमची कॉलेजची पोरं वापरतात त्या पांढऱ्या फोमच्या शीटच्या, भिंती कापल्या, चिकटवल्या, वर छत चिकटवलं, जिना लावला. चार दिवसांत बिल्डिंग उभी. मग लाइटचं बघू, असं मी ठरवलं होतं. आता हे लिहितानाही त्या ठरवण्याचा राग येतो.

चिंचवडच्या फुटपाथवर दिवाळीच्या लाइटची एक माळ मिळाली, बिगरसीझनची, अगदी स्वस्त. तिचे बल्ब वीतभर अंतरावर होते आणि माझ्या खोल्या चार बोटांच्या. एक बल्ब खोलीत बसवला की पुढचा थेट तिसऱ्या खोलीत जायचा, आणि मधली वायर खिडकीतून बाहेर लोंबायची. मधली जास्तीची वायर कापून टोकं पुन्हा जोडली, तर माळेचा अर्धा भाग मेला. उरलेला अर्धा लावून बघितला तेव्हा दुसरीच गंमत कळली. खिडक्यांतून उजेड यायचा सोडून सगळी भिंतच पेटली. सनबोर्ड पातळ, त्यातून उजेड आरपार. भिंतींच्या जोडांतून, छताखालून, जिन्याच्या भोकांतून, जिथून येऊ नये तिथून प्रकाश येत होता. आमच्या बिल्डिंगचा ट्यूबलाइट झाला होता.

आई पहिल्या शिफ्टहून साडेचारला आली, चप्पल काढता काढता बघून म्हणाली, "हे काय फ्रिज बनवायलास व्हय?"

 तिला यातलं काय कळणार, असं मनात आलं. हे लिहायला लाज वाटते, पण आलं होतं.

छत कटरने कापून काढलं. त्यात दोन भिंती तुटल्या. प्रत्येक खोलीच्या आतून काळा कार्डपेपर लावला, त्यावर आतल्या बाजूला पांढरा कागद, म्हणजे उजेड भिंतीतून जाणार नाही आणि खोली अंधारीही दिसणार नाही. बारा खोल्या, प्रत्येकीच्या चार भिंती. बोटं आत जात नव्हती. कागद चिमट्याने धरायचा, तो वाकडा चिकटायचा, ओढून काढला की सनबोर्डची सालं निघायची. यात आठवडा गेला.

मग पिंपरी कॅम्पातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून सुटे एलईडी आणले, पिवळसर उजेडाचे, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठे. दोन पेन्सिल सेलवर चालणारे. वायरसाठी चिखलीच्या एका भंगारवाल्याकडून कुठल्यातरी जुन्या गाडीच्या दाराचा हार्नेस उचलला. त्यात हव्या तेवढ्या बारीक वायरी निघाल्या. मित्राकडून सोल्डरिंग गन आणली आणि गुरुवारी सकाळी बसलो, कारण गुरुवारी कॉलेजात आमचा एकही तास नसायचा.

आमच्याकडे गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते, आणि गुरुवारीच दुरुस्तीसाठी लाइट जाते. इतकी वर्षं इथे राहून हे माझ्या लक्षात राहिलं नाही. नऊ वाजता लाइट गेली ती गेलीच. तोवर माझे चार जोड झाले होते. त्यांतले दोन वायर खिडकीतून ओढताना तुटले, एका जोडाच्या वेळी गनचं टोक भिंतीला लागून भिंतीत भोक पडलं. मी गन आपटली. गन मित्राची होती म्हणून गादीवर आपटली, एवढंच भान होतं.

आई घरी होती, सुट्टीची. भाजी निवडता निवडता ती बराच वेळ बघत होती. म्हणाली, "आत हात जात न्हाई तर आत कशाला जोडायलास?"

"मग कुठे जोडू?"

"भायेर. आमच्याकडं गाडीत शिरून कुणी हार्नेस बांधत नसतेत. बोर्डावर बांधायचा, मग गाडीत घालायचा."

"ते गाडीचं असतं आई. हे वेगळं आहे."

"वायर ती वायरच की रे. आणि ह्याला लाइट कशाला पायजे? दाबून जोड."

तिने पलंगाखालची प्लायची फळी काढली. माझा बिल्डिंगचा ड्रॉइंगचा कागद मागितला. तो मी मॉडेलच्याच मापाचा काढला होता. तिने तो फळीवर पसरला, चारी कोपरे टेपने चिकटवले, आणि जिथे जिथे खोलीचा दिवा यायचा होता तिथे एकेक खिळा ठोकला. जिथे वायर वळायची तिथे दोन खिळे. मग खिळ्याखिळ्यांतून वायर फिरवून दाखवली. वायर नेमकी किती लांब कापायची, कुठे वळवायची, कुठे फांदी फोडायची, सगळं त्या फळीवर उघडं दिसत होतं. मी चार वर्षं ड्रॉइंग काढतोय. ड्रॉइंगवरच काम बांधता येतं हे मला सुचलं नव्हतं.

"आणि सगळ्या खोल्यांला एकच बटन ठेवणार हायस का?"

"हो. बटण दाबलं की सगळे लागणार."

ती हसली. "आपल्या बिल्डिंगीत एकाच वक्ताला सगळ्या खोल्यांत लाइट कवा बघितलास? खालची पोरं थर्ड शिफ्टची, ती दिवसा झोपतेत. मधली सेकंडची. वरच्या बाया माझ्यासंगं फर्स्टला. शिफ्टपरमाणं बटन कर की."

मालकांचं वाक्य मला आठवलं, आत माणसं राहतात असं वाटलं पाहिजे. मी मान डोलावली, पण हे आपल्याला सुचायला हवं होतं, याचंच मला वाईट वाटत राहिलं.

पुढचा आठवडाभर ती शिफ्टहून आली की चहा पिऊन फळीपाशी बसायची. गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करणाऱ्याकडून मी पितळी टर्मिनल आणले होते. एलईडीचा पाय आणि वायरचं टोक त्यात घालून ती पकडीने दाबायची, आणि दाबलं की लगेच ओढून बघायची. प्रत्येक जोड ओढायचा, हे तिच्या हाताला इतकं लागलेलं की बोलता बोलता, टीव्ही बघता बघतासुद्धा ओढणं चुकायचं नाही. तीन शिफ्टच्या तीन रंगांच्या वायरी, लाल, पिवळी, पांढरी, आणि सगळ्यांची परतीची वायर तपकिरी. मी तेव्हा छत नव्याने कापत होतो, गॅलरीचे कठडे लावत होतो. सेल आणि बटणं जोडायचं शेवटचं काम मी माझ्याकडे ठेवलं होतं. निदान तेवढं माझ्या हातचं असावं, म्हणून.

तिसऱ्या गुरुवारी जुडगा आत घातला. तो इतका अचूक बसला की मला ओढाताण करावी लागली नाही. आई वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी गेली होती. मी सेल घातले, लाल वायरचं बटण दाबलं. काही नाही. पिवळीचं दाबलं. काही नाही. पांढरीचंही नाही. सेल बदलले. तेच. बाराच्या बारा खोल्या अंधारात.

पहिला संशय एलईडीवर गेला. उरलेले सुटे एलईडी घेऊन बसने पिंपरीला गेलो, दुकानदारासमोर ठेवले आणि जरा आवाज चढवूनच म्हणालो, "सगळा माल खराब दिलाय तुम्ही."

त्याने एक उचलला, बटण सेलला लावला. लागला. दुसरा लावला, लागला. सगळे एकेक करून लावून दाखवले. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"भाऊ, माल तो चांगला आहे," तो म्हणाला. "हात कुणाचा लागला ते बघा. इंजिनिअर आहात काय?"

"आर्किटेक्चर."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकं हसली.

परत येताना बसमध्ये दुसरा संशय पक्का होत गेला. घरी आलो तर आई भाकरी थापत होती. मी म्हणालो, "तुझ्या दाबण्यातच गडबड आहे. सोल्डर केलं असतं तर हे झालं नसतं. उद्या मला तिकडे जायचंय आणि एक दिवा लागत नाही."

तिने हात धुतले, पदराला पुसले. मी तोवर चिमट्याने एका खोलीतला दिवा ओढून बाहेर काढला होता, तिचा जोड उलगडून दाखवायला. तो उलगडेना. पकडीने ओढला तेव्हा वायर तुटली, जोड तसाच राहिला.

"जोड न्हाई सुटणार," ती म्हणाली. "तपकिरी कुठं लावलास?"

"प्लसला. तपकिरी लाइव्ह असते."

"कुणी सांगितलं?"

"कॉलेजात. प्रॅक्टिकलच्या वहीत आहे. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग."

"ते घरचं असंल. मी दिव्याचा आखूड पाय, मायनसचा, तपकिरीला लावलाय. उलटं जोडलं की ह्यो दिवा लागतच न्हाई. आमच्या लाइनीवर तपकिरी म्हणजे ग्राउंड. आठ वर्षं झाली. ही गाडीचीच वायर हाय ना, तूच आणलास की."

ती घालूनपाडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, सेलच्या डबीच्या दोन वायरी काढल्या, इकडची तिकडे केली, आणि वरच्या मजल्याचं बटण दाबलं. चार खोल्यांपैकी तीन लागल्या. चौथीचा दिवा माझ्या हातात होता.

मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. आठवडाभर ती माझ्यासमोर बसून जोडत होती, आणि कुठला रंग कशाचा, एवढंसुद्धा मी विचारलं नाही, कारण वहीत लिहिलेलं मला माहीत होतं.

तुटलेला जोड तिने पुन्हा केला. मी दिवा धरून बसलो. भाकरी त्या दिवशी करपली.

दुसऱ्या दिवशी मॉडेल खोक्यात घालून बसने भोसरीला नेलं. वर्कशॉपमध्ये लेझर कटर होता, एसी होता, टेबलांवर वाकडचे टॉवर उभे होते. मालकांनी माझी बिल्डिंग फिरवून फिरवून बघितली.

"खिडक्या कापताना कटरचं पातं बदलत नाहीस का? कडा बघ कशा आल्यात." मग, "कोपरे पंचेचाळीसला घासून जोडायचे असतात, हे असे नाही." मग जिना. "ही पायरी चढायला माणूस गुडघ्याएवढा पाय उचलेल." प्रत्येक गोष्ट माझी होती आणि प्रत्येक गोष्ट चुकलेली होती. मी हो सर, हो सर म्हणत होतो.

मग त्यांनी बटणं बघितली. तिन्हींखाली मी फर्स्ट, सेकंड, थर्ड लिहिलं होतं. त्यांनी एकेक दाबलं, मजले एकेक करून लागले, विझले. भिंतींतून उजेड कुठेच फुटत नव्हता. त्यांनी मॉडेल उलटं केलं, तळाचं झाकण काढलं. आत जुडगा ठरावीक अंतरावर टेपने बांधलेला, एकही वायर सैल नाही. त्यांनी एक जोड दोन बोटांनी ओढून बघितला, अगदी आईसारखा.

"वायरिंग कुणी केलंय?"

मला वेळ होता. निदान एक श्वासभर तरी होता. मी म्हणालो, "मीच, सर."

"पद्धत कुठे शिकलास?"

"घरीच. फळीवर खिळे लावून आधी बाहेर बांधतो, मग आत घालतो."

"स्वतःची आयडिया?"

"हो, सर."

ते म्हणाले, "कळवतो."

घरी आईने विचारलं, "काय म्हणले?" मी म्हणालो, कळवतो म्हणाले. "लाइट आवडली का?" मी म्हणालो, आवडली. एवढंच सांगितलं.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. मी मेसेज टाकला, निळी खूण आली, उत्तर नाही. दोन दिवसांनी पुन्हा टाकला, तसंच. कॉलेजच्या ऑफिसात बाई म्हणाल्या, मुदत वाढणार नाही, सगळ्यांची पत्रं आली, तुझं एकट्याचं राहिलंय. मी चिडत होतो ते नेमकं कुणावर, हेही कळेना. मालकांवर चिडायचो, की सांगा ना एकदा काय ते. मग वाटायचं, नाही म्हणाले तर बरं, म्हणजे ते खोटं तिथेच संपेल. मग वर्गातल्या एकाचं पत्र दिसायचं आणि वाटायचं, नाही, हो म्हणू देत, काही करून हो म्हणू देत. मॉडेल आईने टीव्हीच्या वर ठेवलं होतं. शिफ्टला निघताना ती वरच्या मजल्याचं बटण दाबायची आणि आली की विझवायची. सेल संपतील म्हणून मी ओरडलो, तरी.

मुदतीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, मालकांचा व्हॉइस मेसेज आला. आई नुकतीच आली होती, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "त्यांचाच का? मोठ्यानं लाव की," ती म्हणाली. मी घाबरत होतो ते नकाराला. स्पीकर चालू करताना दुसरं काही माझ्या डोक्यात आलंच नाही.

"हां, ऐक. उशीर झाला, साइटवर होतो. तुझं फायनल केलंय, पत्र उद्या सकाळी घेऊन जा. मॉडेल बांधायला माझ्याकडे पोरं आहेत, तुझं कटिंग अजून कच्चं आहे. तुला वायरिंगला बसवतो. असं काम माझ्याकडे कुणाला येत नाही. आणि ती फळीवर खिळे ठोकायची पद्धत, तू म्हणालास ना तुझी स्वतःची आयडिया आहे, ती येताना घेऊन ये. पहिल्या दिवशी सगळ्यांना तूच शिकव."